हळदीचा कागद आणि कॅमेऱ्याचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी शालेय विज्ञानपटांच्या एका स्पर्धेसाठी आम्हा तिघांना परीक्षक म्हणून बोलावले होते. पाच-पाच मिनिटांचे चित्रपट, सारे मुलांनीच मोबाइलवर घेतलेले. नववीतील एका मुलीने हळदीच्या कागदाचा प्रयोग दाखवला होता. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला टीपकागद, त्यावर चुन्याच्या निवळीचे थेंब, आणि पिवळ्याचा होणारा तांबडा. प्रयोग साधा, निवेदन स्वच्छ. पण पडद्यावर पिवळा कागद फिकट दिसला आणि तांबडा कागद मातकट. दोहोंतील फरक शोधावा लागत होता. ‘रंगबदल स्पष्ट नाही’ असा शेरा लिहून आम्ही गुण कापले.

पहिले बक्षीस आम्ही दुसऱ्या एका चित्रपटाला दिले. त्यात बटाट्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकून पिष्टमय पदार्थाची कसोटी दाखवली होती. चित्राला निळसर हिरवी झाक, खोल सावल्या, कडांना दाटलेला अंधार. “अगदी सिनेमासारखा!” असे आमच्यापैकी एकजण म्हणाला आणि बाकीच्या दोघांनी मान डोलावली. त्या दोघांत मी होतो.

घरी आल्यावर दोन्ही चित्रपट मी पुन्हा पाहिले. हळदीच्या चित्रपटात कागद धरणाऱ्या मुलीच्या हाताकडे या वेळी लक्ष गेले. कागद पिवळा असताना हात निळसर करडा दिसत होता. कागद तांबडा झाल्यावर तोच हात हिरवट दिसू लागला. पाच मिनिटांत माणसाच्या हाताचा रंग असा पालटत नाही. म्हणजे कागदाबरोबर कॅमेराही बदलत होता, आणि त्याने खरा रंगबदल अर्धा गिळून टाकला होता. बटाट्याच्या चित्रपटात याच्या उलट प्रकार. तिथे आयोडीन पडण्यापूर्वीच चकती निळसर होती! कसोटीचा रंग मुलांनी आधीच सगळ्या चित्रावर फासून ठेवला होता, आणि त्यालाच आम्ही बक्षीस दिले होते.

एका चित्रपटात कॅमेरा ‘ऑटो’वर, म्हणजे आपोआप चालण्यावर सोडला होता. दुसऱ्यात त्याला मुद्दाम सिनेमाचे रूप दिले होते. दोन्हीकडे चूक एकच. कॅमेरा आपल्या चित्राचे काय करतो आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि परीक्षकांनाही नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, कॅमेऱ्यातील चित्राची सेटिंग्ज हाताने लावायला शाळेतच शिकवावे. तराजू, तापमापी आणि सूक्ष्मदर्शक यांच्याबरोबरीने, प्रयोगशाळेतले एक उपकरण म्हणून शिकवावे.

कॅमेरा मोजतो थोडे, ठरवतो फार

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राहक ठिपके असतात. त्यांना रंग कळत नाही. किती प्रकाश पडला, एवढेच ते मोजतात. रंग कळावा म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक रंगीत गाळणी बसवतात. चार ठिपक्यांपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक मोबाइलांत तीच किंवा तिचीच भावंडे आहेत. आता गंमत पाहा. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे हवेत, पण मोजलेला असतो एकच. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाजाने काढतात. म्हणजे चित्रातील रंगांचे दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून हिशोबाने मिळवलेले असतात!

त्यापुढे आणखी हिशोब होतात. पांढरे कशाला म्हणायचे? मध्यम उजेडाची वस्तू चित्रात किती उजळ दाखवायची? कडा किती ठळक करायच्या? रंग किती गडद ठेवायचे? या प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी एक आकडा ठरवावाच लागतो. तो आपण ठरवला नाही, तर कारखान्यातील तंत्रज्ञाने आधीच ठरवून ठेवलेला असतो. त्याच्या डोळ्यांपुढे सहल असते, वाढदिवस असतो, हसरा चेहरा असतो. त्यात त्याचा दोष नाही. पण हळदीचा कागद त्याच्या मनात नव्हता. तेव्हा ‘ऑटो’ म्हणजे निःपक्षपाती, ही समजूत आधी सोडली पाहिजे.

ही गोष्ट नवी नाही. रंगीत फिल्मच्या काळात छापलेल्या छायाचित्राचे रंग बरोबर आले की नाही, हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी एका स्त्रीचे नमुना-चित्र प्रयोगशाळांना पाठवीत असे. अनेक वर्षे त्या चित्रातील स्त्री गोऱ्या कातडीचीच असे. तिचा रंग चांगला आला की सर्व ठीक. परिणामी काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे चित्रात नीट उतरत नसत. पुढे निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची नमुना-चित्रे आली. यंत्राने कोणाला मान्यता द्यायची, हे असे नकळत ठरत असते.

सिनेमाचे रूप कशाचे बनते?

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या तुमच्या शिक्षकांना विचारा. सिनेमा कोणता आणि व्हिडिओ कोणता, हे क्षणात ओळखू येत असे. पण का, ते सांगता येत नसे. कारणे मोजता येण्याजोगी होती.

बोलपट आले त्या सुमारास, म्हणजे १९२०-३० या दशकाच्या अखेरीस, चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चित्रे असा ठरला. आपल्या दूरदर्शनची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची होती, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांत विभागलेले. म्हणजे डोळ्यांपुढे सेकंदाला ५० वेळा नवे काही येई. त्यामुळे व्हिडिओतील हालचाल गुळगुळीत दिसे, तर सिनेमातील किंचित अडखळती. फिल्मवर अतिशय उजळ भाग हळूहळू पांढरे होत. व्हिडिओत ते एका हद्दीनंतर एकदम चुन्यासारखे पांढरे पडत. शिवाय छोट्या पडद्यावर चित्र रेखीव दिसावे म्हणून व्हिडिओ कॅमेरा वस्तूंच्या कडांना कृत्रिम रेघ ओढी.

पॅनासॉनिक कंपनीने २००२ साली ‘एजी-डीव्हीएक्स१००’ नावाचा एक हातात मावणारा कॅमेरा आणला. तो सेकंदाला २४ पूर्ण चित्रे घेऊ शके. आपल्याकडील दूरदर्शन पद्धतीसाठीच्या नमुन्यात २५. पण त्याहून महत्त्वाची होती त्यातील यादी. कडा, रंगाचे प्रमाण, रंगाची छटा, काळ्याची पातळी, गॅमा अशी एकेक बाब कमीजास्त करून ती आपली मांडणी एका चकतीवर साठवून ठेवता येई. फिल्म बनवणाऱ्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञ जे ठरवीत, ते ठरवण्याची सोय अशी छोट्या चित्रपटकारांच्या हाती आली. आज बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत आणि मोबाइलच्या ‘प्रो’ प्रकारात यातील पुष्कळ बाबी असतात. त्यांपैकी चार पाहू.

चार काटे

पहिला काटा वेळेचा. एकेक चित्र घेताना शटर किती वेळ उघडे राहते? सिनेमातील नेहमीची रीत अशी की, एका चित्राच्या वाट्याला येणाऱ्या वेळेच्या निम्मा वेळ. सेकंदाला २४ चित्रे असतील तर १/४८ सेकंद. समजा, एक चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने जात आहे. १/५० सेकंदात तो १० सेंटिमीटर सरकेल, म्हणजे चित्रात १० सेंटिमीटरची धूसर पट्टी उमटेल. १/१००० सेकंदात तो फक्त ५ मिलिमीटर सरकेल आणि जवळजवळ स्पष्ट दिसेल. धूसर पट्टी डोळ्यांना सुखावते, हालचाल सलग भासते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटात समुद्रकिनाऱ्यावरील लढाईसाठी शटर मुद्दाम अरुंद केले होते. त्यामुळे उडणारी माती कण न् कण दिसते आणि हालचाल अंगावर आल्यासारखी तुटक होते. पण तुम्हाला पडणाऱ्या चेंडूचे अंतर मोजायचे असेल तर? तेव्हा सिनेमाचा १/५० कामाचा नाही, १/१००० हवा. त्यातही एक अट आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तिच्यावरचे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा उजेडात १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले तर चित्र स्थिर येते. फार कमी वेळ ठेवला तर चित्रात पट्टे सरकू लागतात. वेळ कमी करायचा तर अंगणातील उन्हात जावे.

दुसरा काटा गॅमाचा. वस्तूवरून आलेला प्रकाश आणि चित्रात दाखवलेला उजेड यांचे नाते सरळ रेषेचे नसते, ती एक वक्ररेषा असते. दूरचित्रवाणीच्या प्रचलित मानकाप्रमाणे १८ टक्के प्रकाश परतवणारी करडी वस्तू चित्रात सुमारे ४१ टक्के उजेडाची दाखवतात. आपल्या डोळ्यालाही ती साधारण मध्यावरची वाटते. सिनेमासारख्या गॅमात ही वक्ररेषा वरच्या टोकाला हळुवार वाकवतात, म्हणजे खिडकीबाहेरचे आकाश एकदम पांढरे न पडता त्यात ढग शिल्लक राहतात. ‘लॉग’ नावाच्या प्रकारात ती आणखी सपाट करतात. चित्र फिकट, धुरकट दिसते, पण उजेड-अंधाराची फार मोठी व्याप्ती त्यात मावते आणि नंतर संगणकावर हवे तसे रूप देता येते. मात्र प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात लॉग वापरले, तर नंतर रंग ताणताना आकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे उमटतात. काहीही फुकट मिळत नाही, हा निसर्गाचा नियम इथेही लागू आहे.

तिसरा काटा कडांचा, म्हणजे शार्पनेसचा. कॅमेरा जेथे उजळ व काळोखी भाग भेटतात तेथे उजळ बाजू थोडी अधिक उजळ आणि काळोखी बाजू अधिक काळी करतो. आपला डोळाही असेच करतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली याचे वर्णन केले होते. पण डोळ्याचे काम डोळ्याने करावे! कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सूक्ष्मदर्शकातून टिपताना शार्पनेस चढवलेला असेल, तर पेशीभित्तिकेच्या बाजूला एक उजळ रेघ दिसू लागते. ती पेशीत नसते, ती कॅमेऱ्याने काढलेली असते. विद्यार्थी मात्र ती वहीत इमानाने उतरवून घेतो. सिनेमाचे रूप हवे असणारेही हा काटा खाली आणतात. येथे कला आणि विज्ञान यांचे एकमत आहे.

चौथा काटा रंगाचा, आणि त्यातही व्हाइट बॅलन्सचा. साध्या बल्बचा प्रकाश पिवळसर, दुपारचा उजेड त्या मानाने निळसर. पहिल्याला ३२०० केल्व्हिन आणि दुसऱ्याला ५६०० केल्व्हिन धरण्याचा चित्रपटक्षेत्रात प्रघात आहे. कॅमेऱ्याला योग्य आकडा सांगितला की पांढरा कागद पांढरा दिसतो. उन्हात असताना मुद्दाम ३२०० सांगितले की सारे चित्र निळे होते. त्यातच उजेड कमी केला की भर दुपारी चांदण्या रात्रीचा भास होतो. ही सिनेमावाल्यांची जुनी युक्ती. आपोआप व्हाइट बॅलन्स करण्याची एक साधी रीत मात्र अशी आहे की, चित्रातील सर्व रंगांची सरासरी करडी यावी असे कॅमेरा गृहीत धरतो. पिवळ्या कागदाने चौकट भरली की त्याला वाटते उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळा वाढवतो. कागद तांबडा झाला की त्याला वाटते उजेड तांबडा झाला, म्हणून तो तांबडा घटवतो. त्या मुलीचा हात निळसर आणि मग हिरवट का दिसला, ते आता कळले ना?

हा खोटेपणा नव्हे काय?

काही शिक्षक म्हणतील, “चित्रात फेरफार करायला मुलांना शिकवणे म्हणजे फसवणूक शिकवणे. आहे तसे दाखवावे.” ही हरकत मनापासूनची आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे.

‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ हा अमेरिकन चित्रपट २००० साली आला. चित्रीकरणाच्या वेळी मिसिसिपीतील शेते हिरवीगार होती. कथेला उन्हाने वाळलेली, जुन्या छायाचित्रासारखी पिवळी भूमी हवी होती. म्हणून छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी सबंध चित्रपटाचे रंग संगणकावर बदलले. यात कोणाची फसवणूक झाली नाही, कारण पाहणारा गोष्ट ऐकायला बसला होता, शेतातील पिकाची पाहणी करायला नव्हे. आपल्याकडेही रंगांचा पाठपुरावा जुना आहे. प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ या १९३३ च्या चित्रपटाच्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीपर्यंत मजल मारली होती, आणि इतके करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत. हवा तो रंग पडद्यावर आणणे ही विद्या आहे, लबाडी नव्हे.

आता दुसरे उदाहरण घ्या. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ हे यान मंगळावर उतरले. तेथून आलेले पहिले रंगीत चित्र घाईने तयार करण्यात आले, तेव्हा त्यात मंगळाचे आकाश निळे दिसले. पृथ्वीवरच्या माणसाला ते अगदी स्वाभाविक वाटले. पण यानावर ज्ञात रंगांचे तक्ते बसवलेले होते. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर रंगांचा हिशोब चुकल्याचे लक्षात आले. सुधारलेल्या चित्रात आकाश फिकट गुलाबी-पिवळसर निघाले, कारण मंगळाच्या हवेत बारीक धूळ तरंगत असते. येथेही शास्त्रज्ञांनी चित्रात फेरफारच केला, आणि त्यामुळे ते अधिक खरे झाले! व्हायकिंगवरील रंगांच्या तक्त्याचे काम आमच्या स्पर्धेत त्या मुलीच्या हाताने केले होते. जे बदलू नये ते बदलले, म्हणून चूक सापडली.

तेव्हा खरा प्रश्न ‘फेरफार केला की नाही’ हा नसून ‘कशासाठी केला, आणि तो सांगितला का’ हा आहे. जो गुण आपण प्रेक्षकाला पुरावा म्हणून दाखवतो, त्याला हात लावू नये. रंग हा पुरावा असेल तर रंगाला, वेग हा पुरावा असेल तर वेळेला, आकार हा पुरावा असेल तर कडांना.

शाळेत काय करता येईल?

दुसरी हरकत अशी की, मुलांना हे जड जाईल, त्यांनी ‘ऑटो’वरच राहावे. मला हे पटत नाही. जी मुले लिटमसचा रंग, लंबकाचा काळ आणि आम्लाची तीव्रता शिकतात, त्यांना चार काटे जड नाहीत. पुढील प्रयोग कोणत्याही वर्गात दहा मिनिटांत होईल. एक काळे कापड आणि एक पांढरी चादर घ्या. ‘ऑटो’वर ठेवलेल्या कॅमेऱ्याची चौकट आधी एकाने आणि मग दुसऱ्याने पूर्ण भरून चित्रे घ्या. काळे कापड उजळ करडे आणि पांढरी चादर मळकट करडी येईल, कारण कॅमेरा दोहोंना मध्यम उजेडाकडे ओढतो. आता पडद्यावर बोट दाबून धरून किंवा ‘प्रो’ प्रकारात जाऊन उजेड पक्का करा आणि पुन्हा चित्रे घ्या. काळे काळे राहील, पांढरे पांढरे राहील. एवढे एकदा पाहिलेला विद्यार्थी ‘ऑटो’वर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतर विज्ञानपटासाठी तीन नियम पुरेत. पहिला, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दृश्ये एकाच सेटिंगवर घ्यावीत. उजेड आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करावेत. दुसरा, निदान एका कोपऱ्यात पांढरा कागद किंवा न बदलणारी अशी ओळखीची वस्तू ठेवावी. तिसरा, चित्रपटाच्या शेवटी नावांच्या पाटीत सेटिंग्जही लिहावीत. सेकंदाला चित्रे किती, शटर किती, केल्व्हिन किती, नंतर रंग बदलले असल्यास कोणत्या भागात. प्रयोगवहीत आपण ‘साहित्य’ लिहितो, तसेच हे.

आणि सिनेमाचे रूप? तेही जरूर द्यावे. हळदीच्या शेतात पहाटेचे धुके दाखवायचे असेल, आजीच्या हातची हळद कुटतानाचा प्रसंग असेल, तर तेथे सावल्या खोल करा, रंग मऊ करा, मनासारखी झाक आणा. मुलांनी सुंदर चित्र काढू नये असे कोण म्हणेल? फक्त कागदावर निवळीचा थेंब पडणार असेल, त्या क्षणी काटे जागेवर आणून ठेवा.

त्या स्पर्धेचा निकाल बदलता आला नाही. बक्षिसे वाटून झाली होती. मी त्या मुलीच्या शिक्षकांना पत्र लिहिले आणि हाताची गोष्ट कळवली. महिन्याभराने उत्तर आले. वर्गाने तोच प्रयोग पुन्हा चित्रित केला होता. या वेळी चौकटीच्या कोपऱ्यात वहीचे एक कोरे पान टाचणीने लावलेले होते, आणि कागद लालभडक दिसत होता. पुढल्या वर्षी परीक्षकांच्या गुणपत्रिकेत आम्ही एक नवा रकाना घातला, ‘सेटिंग्ज नोंदवली आहेत काय?’ त्याला दहा गुण ठेवले आहेत.